मोहाखालची पहिली काडी

मला आगीचं शिकायला परदेशात पाठवलं, आणि तेही मार्च महिन्यात. हे मी गेलं वर्षभर ज्याला त्याला सांगते आणि ऐकणारा दर वेळी आधी अभिनंदन करतो. एकालाही विचारावंसं वाटत नाही की बाई, मार्चमध्ये तुमचा सातपुडा पेटतो, मग तू तिकडे काय करत होतीस? मग मीच मला विचारते. सकाळी गणवेशाला इस्त्री करताना विचारते, भाकरी थापताना विचारते. उत्तर मला पाठ आहे, तरी विचारते.

मी वनरक्षक. माहेर दोंडाईचाचं, वडील रेल्वेत गँगमन होते. सासर नशिराबादचं, नवरा वरणगावला नोकरीला. माझी बीट मात्र शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पहिल्या रांगेत. बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यातलं जंगल. माझ्या बीटमध्ये चार पाडे, एक वरचा आणि तीन खालचे. नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली होती, बाईमाणसानं जंगलात काय करायचं? मी म्हणाले, जे बाप्ये करतात तेच, फक्त नीट. तोंड तेव्हापासूनच असं आहे माझं.

पहिल्याच वर्षी मार्चमध्ये माझं जंगल जळालं. कारण सगळ्यांना माहीत होतं. मोहाची फुलं पहाटे गळतात, फिकट पिवळी, बोराएवढी. खाली सागाचा वाळलेला पाला पडलेला असतो, त्यात ती दिसत नाहीत, हाती लागत नाहीत. म्हणून बाया झाडाखालचा पाला पेटवून देतात, जमीन स्वच्छ होते, दुसऱ्या दिवशी टोपली भरते. एखादीचा पाला आटोक्याबाहेर गेला की डोंगर गेला. मी तेव्हा नवी होते, कडक होते, मला वाटलं कायद्यानं सगळं होतं. दोन बायांवर गुन्हा नोंदवला. त्यातली एक लेकुरवाळी होती, पोराला कडेवर घेऊन रेंज ऑफिसच्या पायरीवर दिवसभर बसून राहिली.

तेव्हा नाना मला पहिल्यांदा बोलले. नाना म्हणजे आमचे अंगारी. आगीच्या दिवसांत डोंगरावर राखणीला माणसं ठेवतात, त्यांना अंगारी म्हणतात. नाना वरच्या पाड्याचे, साठीच्या पलीकडचे, अंगानं काटकुळे, आणि चालायला लागले की माझा जीव वर-खाली व्हायचा. त्यांनी मला समजावलं की गुन्ह्यानं आग विझत नाही, मोह गळणार तर पालाही जळणार, तुझ्यासमोर जळू दे म्हणजे झालं. मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मीच गेले आणि विचारलं, कसं करायचं ते सांगा.

त्यातून आमचा करार झाला. कागदावर नाही, वरच्या पाड्यावरच्या थोरल्या मोहाखाली बसून, चारही पाड्यांच्या बाया, नाना आणि मी. प्रत्येकीनं आपल्या झाडाभोवती आधी झाडून मोकळं रिंगण करायचं. पाण्याचा हंडा जवळ ठेवायचा. सकाळी, दव असताना, वारा उठायच्या आत, एका वेळी एकच झाड. आणि दिवस मी ठरवायचा. त्या दिवशी मी वरच्या पाड्यावर जाऊन थोरल्या मोहाखाली पहिली काडी ओढायची. त्याचा धूर वर चढलेला दिसला की खालच्या तिन्ही पाड्यांनी समजायचं, सुरुवात झाली, मॅडम आली. पहिली काडी माझी ही अट मीच घातली होती. गणवेश समोर असला की शिस्त राहते, असं मला वाटायचं.

चार वर्षं माझ्या बीटमध्ये मोहाखालून एकही आग निघाली नाही. बायांनी त्या सकाळीला जवळजवळ सणच करून टाकलं. नानांची बायको, जिला सगळे अक्का म्हणतात, आगपेटी पदराला पुसून माझ्या हातात द्यायची. नाना हातात हिरव्या फांद्यांची झोडणी घेऊन शेजारी उभे असायचे. मी काडी ओढायचे, बाया गप्प व्हायच्या. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. डोंबल त्या आवडण्याचं.

मग ते पत्र आलं. संरक्षित जंगलांत काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी आणि त्यांच्या सोबतीनं काम करणाऱ्या गावकऱ्यांसाठी परदेशात प्रशिक्षण, विषय वणवा व्यवस्थापन. कर्मचारी एक, गावकरी एक. आमच्या साहेबांनी माझं नाव पाठवलं आणि मी लगेच नानांचं सुचवलं. आधी ते थंडीत होणार होतं, मग व्हिसाच्या घोळात पुढे पुढे जात ऐन मार्चमध्ये येऊन पडलं. तिकडे तेव्हा उन्हाळा संपत असतो, त्यांच्या सोयीचं होतं. मी नानांना सांगायला गेले. ते हसले, म्हणाले, "आपू दोन्ही गयूत तं आग कोन दखी?"

बरोबरच होतं त्यांचं. आपण दोघं गेलो तर आग कोण बघणार. त्यांच्या जागी जळगावचे एक भाऊ गेले, त्यांनी तिकडे पुष्कळ फोटो काढले. पण नानांचं ते बोलणं ऐकूनही मी स्वतःला विचारलं नाही की मग मी तरी का जावं. माझ्या माहेरच्या गल्लीत विहारासमोर पोरांनी माझ्या फोटोचा फलक लावला होता. आमच्या वस्तीतली पहिली विमानात बसणारी बाई. वडील रोज संध्याकाळी तो फलक बघायला जायचे आणि कुणी भेटलं की खाकरून उभे राहायचे. आता काय नाही म्हणणार होते मी?

जायच्या आधी चारही पाडे फिरले. मोह अजून गळायला लागला नव्हता, कळ्या फुगल्या होत्या. मी हिशेब केला, बारा दिवसांत मी परत. बायांना बजावून सांगितलं, मी येईपर्यंत कुणीही पाला पेटवायचा नाही. बाया म्हणाल्या, नाही पेटवणार. मी नानांना म्हणाले, लक्ष ठेवा. एवढंच. तुम्ही काडी लावा, हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, कारण ते माझ्या डोक्यातच आले नाहीत. जो माणूस मला हे सगळं शिकवून बसला होता त्याला मी राखणीला ठेवला आणि काडी माझ्याकडे ठेवली.

तिकडचं काय सांगू. स्वच्छ रस्ते, रुंद आकाश, उंच पांढऱ्या खोडांची झाडं. माझं इंग्रजी धुळ्याच्या कॉलेजातलं, पहिले दोन दिवस नुसती मान डोलावली. मग कान उघडले. शिकवणारी बाई माझ्याच वयाची, उन्हानं रापलेली, उंच, बोटांवर जुने भाजल्याचे डाग. तिनं आम्हाला प्रत्यक्ष डोंगर पेटवून दाखवला. टोकाला ज्योत असलेली तेलाची किटली घेऊन ती चालत जायची आणि मागे आगीची सरळ रेघ उभी राहायची. आमच्याकडे जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, काढायला पाला उडवायची दोन यंत्रं, त्यातलं एक बंद. तिच्याकडे वाऱ्याचा वेग सांगणारं घड्याळाएवढं यंत्र होतं, हवेतली ओल मोजायचं होतं. मी हावऱ्यासारखं सगळं लिहून घेत होते.

तिचा एक नियम मी वहीत दोनदा अधोरेखित केला आहे. ती वही अजून आहे. कुठलीही आग लावायच्या आधी कागदावर दोन नावं हवीत. एक, काडी कोण लावणार. दुसरं, तो माणूस नसेल तर कोण लावणार. दुसरं नाव नसेल तर ती कागद परत करायची, त्या दिवशी काडी नाही. किती सोपं आहे ऐकायला. मी हे लिहून घेतलं, जेवायला गेले, उकडलेल्या बटाट्यांना नावं ठेवली.

सातव्या-आठव्या दिवशी प्रत्येकानं आपल्या जंगलातलं काहीतरी सांगायचं होतं. मी आमचा मोहाचा करार सांगितला. नानांचा फोटो दाखवला, झोडणी खांद्यावर घेतलेला, डोळे बारीक केलेला. अक्का माझ्या हातात आगपेटी देते तो दाखवला. वेगवेगळ्या देशांची माणसं बसली होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिकवणाऱ्या बाईनं एकच प्रश्न विचारला, की तू तिथे नसलीस तर कोण लावतं? मी हसून म्हणाले, "देअर इज नो अदर पर्सन. दे वेट फॉर मी." परत टाळ्या. तिनं मात्र वाजवल्या नाहीत. तिनं काहीतरी लिहून घेतलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, मला तिचं ते न वाजवणं नंतर आठवलं.

त्याच संध्याकाळी मला सांगितलं की प्रशिक्षण संपल्यावर तिथेच एक मोठी बैठक आहे, वरचे अधिकारी येणार आहेत, तुझा करार तिथे सांगशील का? चार दिवस जास्त राहावं लागेल, तिकीट बदलून देतो. जबरदस्ती नव्हती. उलट त्यांनी दोनदा विचारलं, तुझं घरी काही अडत नाही ना? मी म्हणाले, काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी नानांना फोन लावला. पाड्यावर नेटवर्क नाही, एक टेकडी आहे तिच्यावर येतं, सकाळी ते तिथे चढायचे. मी सांगितलं, चार दिवस आणखी लागतील. पलीकडे वारा ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "पाला भलता वाळी गया, बाई. मोह पडी राहिना. मी लावू का पहिली काडी?"

पाला वाळला होता, मोह गळत होता, आणि मला वाटलं मी येईपर्यंत सगळं उरकलं तर? वाटलं की नेहमीसारखं व्हायला हवं. खरं काय वाटलं ते आता नेमकं सांगताही येत नाही, पण बोलले ते शब्द स्पष्ट आठवतात. मी म्हणाले, "नको नाना, मी येते ना. तुम्ही फक्त थांबवून धरा." ते म्हणाले, बरं. वाद घातला नाही. घातला असता तर मी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक.

पुढचं मी परत आल्यावर बायांकडून ऐकलं. मोह दोन-तीन आठवड्यांचा असतो, वर्षात एकदाच. तो गळत होता आणि बाया बघत बसल्या होत्या. पाल्यात बोटं घालून जेवढी मिळतील तेवढी फुलं उचलत होत्या, बाकीची सडत होती, उरलेली माकडं आणि अस्वलं खात होती. कुणी कुरकुरलं की नाना जाऊन बसायचे, सांगायचे, बाईनं सांगितलं आहे, आली की लावू. चौदा दिवस त्यांनी चार पाडे असे धरून ठेवले. पंधराव्या दिवशी मी विमानात बसणार होते.

चौदाव्या दिवशी वारा सकाळपासूनच होता. नाना मला फोन करायला टेकडीवर चढले. तिकडे माझी ती मोठी बैठक चालू होती, फोन पर्समध्ये मुका करून ठेवला होता. तीन वेळा लावला त्यांनी. त्या वेळात वरच्या पाड्यावर एकीचा धीर सुटला. तिनं रिंगण केलं, हंडा भरून ठेवला, सगळं आमच्या कराराप्रमाणे केलं आणि भर दुपारी आपल्या एका झाडाखाली काडी लावली. तिची आग तिनं विझवलीही. पण धूर वर गेला. खालच्या तिन्ही पाड्यांनी तो बघितला आणि बायांना आनंद झाला, मॅडम आली म्हणून. उशीर झाला, दुपार झाली, वारा आहे, हे कुणाच्या मनात आलं तरी त्यांनी ते दाबलं असेल, कारण धूर दिसला म्हणजे मी आले, आणि मी आले म्हणजे सगळं ठीक. चार वर्षं मीच त्यांना हे शिकवलं होतं. तिन्ही पाड्यांनी एकदम पाला पेटवला.

नानांनी टेकडीवरून ते बघितलं. खाली जाऊन बायांना थांबवायला ते सरळ नाल्यातून उतरले, तीच जवळची वाट होती. नाल्यात कमरेएवढं वाळलेलं गवत. दोन पाड्यांची आग दोन बाजूंनी तिथे येऊन मिळाली.

मला कळलं ते बैठकीनंतर, हातात प्रमाणपत्र असताना. आधी त्यांचे तीन मिस्ड कॉल बघितले आणि नाना आज फारच घाईत आहेत असं वाटून हसूही आलं. मग साहेबांचा फोन आला. नानांना धुळ्याला हलवलं आहे, एवढंच ते बोलले, आणि बैठक कशी झाली म्हणून विचारलं. मी छान झाली म्हणाले. माणूस असं कसं उत्तर देतो, मला माझंच नवल वाटतं.

मुंबईत उतरले ती घरी न जाता थेट धुळ्याला दवाखान्यात. बॅगेवर विमानतळाच्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. अक्का वॉर्डाबाहेर जमिनीवर बसली होती, माझ्याकडे बघितलं आणि सरकून जागा दिली. आत नाना होते असं म्हणायचं. चेहरा झाकलेला, हात झाकलेले. मी आले म्हणून सांगितलं. मग त्यांनी ओठ हलवले, मी कान जवळ नेला.

"चौदा दिन थांबाडं बठ्ठासले, बाई. दोन दिन कमी पडनात."

चौदा दिवस सगळ्यांना थांबवलं, दोन दिवस कमी पडले. जणू हिशेब त्यांच्याकडून चुकला होता. त्यांची काही चूक नाही हे मला सांगायचं होतं, सगळी माझी आहे हे सांगायचं होतं, आणि मी काय केलं तर रडले. रडायला काय लागतं? दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

चौकशी झाली. साहेबांना बायांवर गुन्हे हवे होते, मी साफ नाही म्हणाले, तेवढी एकच गोष्ट मी धड केली. माझ्या जबाबात मी लिहिलं की आग माझ्या आदेशामुळे लागली. साहेबांनी तो कागद परत दिला, भावनेच्या भरात लिहू नका म्हणाले. मी पुन्हा तेच लिहिलं. शेवटी अहवालात कारण अज्ञात असं आलं. मला शिक्षा हवी होती, मेमो, निलंबन, काहीही. त्याऐवजी महिन्याभरात बदलीचा आदेश आला. परदेशात प्रशिक्षण घेतलेली माणसं थोडी, त्यांचा उपयोग व्हायला हवा, म्हणून मला जळगावला बसवलं. आता मी इतर वनरक्षकांना वणव्याबद्दल शिकवते. माझ्या बीटवर अजून कुणी आलेलं नाही, शेजारच्याकडे जादा कार्यभार आहे आणि तो चार पाड्यांपैकी दोन तरी ओळखत असेल का, शंकाच आहे.

सातव्या स्लाइडवर नानांचा फोटो आहे. काढून टाकायला हात गेला होता, काढला नाही. तरुण पोरं-पोरी विचारतात, मॅडम, हे कोण? मी सांगते, ज्यांनी मला शिकवलं ते. मग आठव्या स्लाइडवर ती दोन नावं. काडी कोण लावणार, आणि तो नसेल तर कोण. मी फळ्यावर दोन रेघा ओढते आणि त्यांना वहीत त्या रिकाम्या जागा भरायला लावते. सगळे पहिल्या रेघेवर स्वतःचं नाव पटकन लिहितात. दुसरीपाशी पेन थांबतं. तेव्हा मी खिडकीकडे बघते.

वर्षभर मी वर गेले नाही. दिवसकार्यालाही गेले नाही, धाडस झालं नाही. अक्काला एकदा निरोप पाठवला, तिचा काही उलट निरोप आला नाही, आणि मी तेच बरं म्हणून गप्प बसले. मग यंदाच्या मार्चमध्ये एका सकाळी, वर्गात जायच्या आधी, ओळखीचा नंबर वाजला. नानांचा. फोनवर अक्का होती. पाठीमागे वारा होता, म्हणजे ती टेकडीवर चढून आली होती, त्या गुडघ्यांनी.

तिनं ख्यालीखुशाली विचारली नाही. म्हणाली, "मोह पडाले लागना. बाया थांबेल शेतस. तू कवय येशी?"

थांबलेल्या आहेत. मोह गळायला लागला तरी, एवढं होऊनही थांबलेल्या आहेत, माझ्यासाठी. रजा मिळाली असती का, विचारलीही नव्हती. गेले असते तरी तिच्या हातून ती आगपेटी घेता आली असती का? मी म्हणाले, अक्का, माझी वाट बघू नका. सकाळी दव असताना लावा, वारा उठायच्या आत. पहिली काडी तुम्हीच लावा.

ती हळू आवाजात, न रागावता, म्हणाली, "हाई तू तवय सांगती तं."

हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर. फोन कट झाला, की तिनं ठेवला, कळलं नाही. शिपाई दारात येऊन म्हणाला, मॅडम, सगळे बसलेत. मी वर्गात गेले.